भुतांचा एकत्र संसार : रामसे बंधू आणि त्यांचे भयपट

वसंत व्याख्यानमालेच्या पंगतीत ज्ञानेश्वरीला पाट असतो, शिवचरित्राला असतो, अलीकडे मधुमेहाला आणि हृदयविकारालाही असतो. भुताखेतांच्या हिंदी चित्रपटांना तो मांडावा की नाही, याविषयी वडीलधाऱ्या श्रोत्यांत मतभेद होणे स्वाभाविक आहे. ‘पुराना मंदिर’, ‘वीराना’, ‘पुरानी हवेली’ ही नावे सुशिक्षित घरांत मोठ्या आवाजात उच्चारली जात नसत. पाहणारे पाहत होते. पण पाहिल्याचे सांगत नव्हते. परीक्षणे लिहिणारी मंडळी या चित्रपटांकडे सहसा फिरकत नसत आणि फिरकलीच तर चार ओळींत खिल्ली उडवून मोकळी होत. असे असता एका कुटुंबाने मोठ्या स्टुडिओचा आश्रय नसताना आणि नामवंत नायक-नायिकांना दूर ठेवून सुमारे वीस वर्षे हा व्यवसाय कसा चालविला, हा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शिवाय या हकिकतीतील दोन महत्त्वाची स्थळे आपल्या महाड-पोलादपूरकरांच्या अगदी अंगणातली आहेत. एक आपल्या डोक्यावर, सह्याद्रीच्या माथ्याशी आहे. दुसरे आपल्याच जिल्ह्यात, समुद्राच्या काठी.

रामसे हे नाव ऐकून एखादा टोपीवाला साहेब डोळ्यांपुढे उभा राहतो. वस्तुतः हे घराणे सिंधी, आणि त्यांचे मूळ आडनाव रामसिंघानी. फतेहचंद उत्तमचंद रामसिंघानी यांचे कराचीत रेडिओचे दुकान होते. गोऱ्या गिऱ्हाइकांच्या जिभेला एवढे लांबलचक नाव पेलवेना, तेव्हा त्यांनी त्याचे ‘रामसे’ केले. आणि दुकानदाराने गिऱ्हाइकाने दिलेली ही भेट ठेवून घेतली. १९४७ साली फाळणी झाली. लक्षावधी सिंधी कुटुंबांप्रमाणे हेही कुटुंब मुंबईस आले आणि लॅमिंग्टन रोडवर विजेच्या सामानाचे व रेडिओचे दुकान मांडून बसले. या रस्त्यावर त्या काळी दोन व्यापार शेजारी शेजारी नांदत असत. एक विजेच्या सामानाचा, दुसरा चित्रपटांचा. शेजारच्या व्यापाराची ओढ फतेहचंदांना लागली यात नवल नाही.

१९५४ सालच्या भगतसिंगांवरील चित्रपटाच्या निर्मितीत त्यांनी भाग घेतला. पुढे १९६३ साली ‘रुस्तम सोहराब’ हा भव्य चित्रपट त्यांनी काढला. फिरदौसीच्या ‘शाहनाम्या’तील बापलेकांची कथा, पृथ्वीराज कपूर आणि प्रेमनाथ हे नट, सज्जाद हुसेन यांचे संगीत, आणि सुरैयाची पडद्यावरील शेवटची भूमिका. याचे दिग्दर्शन कोणी केले होते? विश्राम बेडेकरांनी. होय, ‘रणांगण’ कादंबरीचे बेडेकर तेच. मराठी वाङ्मयाचा अभ्यास करणाऱ्यांना ही गोष्ट बहुधा माहीत नसते, आणि रामसेंच्या भुतांवर प्रेम करणाऱ्यांना बेडेकर माहीत नसतात. म्हणून ती येथे मुद्दाम सांगितली. कारण पुढच्या सगळ्या प्रकाराला, स्वतःच्या नकळत का होईना, बेडेकरांचाच एक चित्रपट निमित्त झाला.

तो चित्रपट १९७० सालचा, ‘एक नन्हीं मुन्नी लड़की थी’. निर्माते पुन्हा फतेहचंद रामसे, दिग्दर्शक पुन्हा बेडेकर. मुमताज, शत्रुघ्न सिन्हा आणि वृद्ध पृथ्वीराज अशी नटमंडळी असूनही चित्रपट साफ पडला. कुटुंबापुढे कर्जाचा डोंगर उभा राहिला. तथापि रामसेंच्या मुलांपैकी तुलसी आणि श्याम हे दोघे चित्रपटगृहात जाऊन प्रेक्षकांत बसत आणि त्यांची तोंडे न्याहाळत. त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. सबंध चित्रपटात पेंगणारा प्रेक्षक एका प्रसंगाला खडबडून जागा होत होता. पृथ्वीराज अक्राळविक्राळ मुखवटा आणि चिलखती पोशाख घालून वस्तुसंग्रहालयात चोरी करतात, पोलिसांच्या गोळ्या त्यांच्या अंगावरून निसटतात, असा तो प्रसंग होता. त्या काही मिनिटांपुरते पैसे वसूल झाल्यासारखे लोक वागत.

येथे कलावंताने निराळा विचार केला असता. दुकानदाराच्या मुलांनी दुकानदारासारखा केला. गिऱ्हाईक सबंध दुकान पाहून एकच वस्तू उचलीत असेल, तर पुढच्या खेपेस तीच वस्तू भरावी. मुलांनी वडिलांना गळ घातली की, आता सगळा चित्रपटच असा काढू या.

पण काढणार कोण? पदरी पैसा नव्हता, आणि पैसा नसला की तंत्रज्ञ मिळत नाहीत. फतेहचंदांना मुलगे सात : कुमार, केशू, तुलसी, किरण, श्याम, गंगू आणि अर्जुन. सात मुलगे म्हणजे एक अख्खे खाते, असा हिशेब बापाने केला. कुटुंबीय सांगत असत की, त्यांनी मुलांना काश्मीरला नेले, हाउसबोटीवर ठेवले आणि जोसेफ मॅसेली या अमेरिकन छायालेखकाचे चित्रीकरणाच्या पाच मूलतत्त्वांवरचे पुस्तक पुढे टाकले. कॅमेरा कोठे ठेवावा, एका दृश्यातून दुसऱ्यात जाताना डोळ्याला ठेच कशी लागू देऊ नये, चौकट कशी भरावी, कापाकापी कोठे करावी, हे सारे त्या पुस्तकात आकृत्यांसह समजावून दिलेले आहे. चित्रपटाची शाळा पुण्यात १९६० सालीच निघाली होती. परंतु हे सात विद्यार्थी एका पुस्तकावर शिकले. मग कामाची वाटणी झाली. कुमार पटकथा लिहिणार, गंगू छायालेखन करणार, केशू छायालेखनाला आणि व्यवस्थेला, किरण ध्वनिमुद्रणाला, अर्जुन संकलनाला, आणि तुलसी व श्याम यांनी मिळून दिग्दर्शन करावयाचे. वडील मंडळींच्या हाती गल्ला राहिला आणि घरातील स्त्रियांनी सर्वांच्या जेवणाखाण्याचे पाहिले.

एकत्र कुटुंबपद्धतीच्या गुणदोषांवर आपल्याकडे पुष्कळ चर्चा झाली आहे. शेती, पेढी, किराणा अशा धंद्यांत ती कशी चालते हे आपण जाणतो. परंतु चित्रपटासारख्या खर्चिक आणि अहंकाराने भरलेल्या धंद्यात सात भाऊ एका चुलीवर जेवून सात खाती सांभाळतात, हे उदाहरण दुर्मीळच म्हणावे लागेल. रामसेंच्या चित्रपटांतील राक्षसाइतकीच ही गोष्ट मला अद्भुत वाटते.

आता आपल्या डोक्यावरच्या स्थळाकडे वळू. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढू लागले की प्रतापगड डावीकडे-उजवीकडे करीत रस्ता महाबळेश्वरास जातो. तेथे उगम पावलेली सावित्री पोलादपूर-महाडवरून बाणकोटास जाते, हे आपल्याला शाळेत शिकवितात. या सावित्रीच्या माहेरी रामसेंनी आपला पहिला हिंदी भयपट घेतला. नाव ‘दो गज़ ज़मीन के नीचे’, साल १९७२. बायको आणि तिचा साथीदार संगनमताने नवऱ्याला विष घालून पुरतात, आणि पुरलेला नवरा परत येतो, एवढेच कथानक. सगळा संच सामानासकट बसमध्ये भरून नेला, सरकारी विश्रामगृहात मुक्काम ठोकला, आणि सुमारे चाळीस दिवसांत चित्रीकरण उरकले. खर्च साडेतीन लाखांच्या आसपास आला, असा घरचा हिशेब आहे. त्या काळच्या मोठ्या हिंदी चित्रपटात एकट्या नायकाला याहून अधिक पैसे मिळत.

काटकसरीने येथे कलेचे काम केले, हे समजून घेण्यासारखे आहे. स्टुडिओ भाड्याने घेतला तर धुके विकत घ्यावे लागते. महाबळेश्वरी ते फुकट उतरते. जुनी कौलारू बंगली, ओलसर भिंती, जांभळीची वेडीवाकडी झाडे, दहा हातांवरचे माणूस दिसेनासे करणारे ढग, हे सारे तेथे देवाने मांडून ठेवलेले आहे. आपण घाटाखालचे लोक तिकडे थंड हवेसाठी जातो; या मंडळींना तेथे भीती दिसली, आणि ती स्वस्तात मिळाली.

अशी उदाहरणे परदेशांत आहेत. जॉर्ज रोमेरो या तरुणाने अमेरिकेतील पिट्सबर्गच्या परिसरात, मित्रमंडळींकडून पैसे गोळा करून, जिवंत होऊन उठणाऱ्या प्रेतांचा एक कृष्णधवल चित्रपट काढला. तो १९६८ सालचा, आणि त्याला खर्च आला सुमारे एक लाख चौदा हजार डॉलर, म्हणजे हॉलिवुडच्या दृष्टीने चहापाण्याचा. रॉजर कॉर्मनने तर १९६० साली एक चित्रपट दोन-तीन दिवसांत पुरा केला होता. आज ही नावे तिकडच्या विद्यापीठांत शिकविली जातात. भयपट हा निर्धन निर्मात्याला परवडणारा प्रकार आहे, हे त्यांनी ओळखले होते. शोकांतिकेला उत्तम नट लागतात, संगीतिकेला गायक लागतात. भीतीला अंधार लागतो, आणि अंधाराचे भाडे द्यावे लागत नाही.

हिंदी पडद्यावर भूत त्यापूर्वी आले नव्हते असे मात्र नाही. ‘महल’ (१९४९), ‘बीस साल बाद’ (१९६२), ‘वह कौन थी’ (१९६४) हे चित्रपट अनेकांना आठवत असतील. पांढरी साडी, झुलता झोपाळा, दुरून येणारे गाणे! पण या सर्वांत शेवटी उलगडा होतो की भूत नव्हतेच, कोणा माणसाचे कारस्थान होते किंवा बनाव होता. सुशिक्षित प्रेक्षकाला घाबरविल्यानंतर त्याच्या बुद्धीची माफी मागण्याची ती रीत होती. ‘दरवाजा’ (१९७८) पासून रामसेंनी ही माफी मागणे बंद केले. त्यांचा राक्षस शेवटपर्यंत राक्षसच राहतो.

हा राक्षस कोठून आला? आपल्या कोकणात भुतांची वाण नाही. परंतु कोकणातले भूत कायद्याने वागणारे असते. मुंजा पिंपळावर राहतो, चकवा वाट चुकवितो, वेताळाची फेरी ठरल्या तिथीला निघते, देवचाराला त्याचा मान दिला की तो उलट राखण करतो. प्रत्येकाची हद्द ठरलेली, वेळ ठरलेली. गावाशी त्याचा जुना करार असतो. रामसेंचा राक्षस या गोत्रातला नाही. त्याची शवपेटी आली इंग्लंडच्या हॅमर कंपनीच्या ड्रॅक्युलापटांतून; १९५८ साली क्रिस्टोफर ली याने रंगविलेला तो ड्रॅक्युला येथेही गाजला होता. त्याची हवेली आली आपल्या सरंजामदारांकडून, आणि त्याला आवरणारा त्रिशूळ आला शंकराच्या देवळातून. असे तीन ठिकाणचे सामान एका गोणीत भरून ‘सामरी’ तयार झाला.

‘पुराना मंदिर’ (१९८४) हा रामसेंचा सर्वांत यशस्वी चित्रपट, आणि या सामरीची हकीकत हेच त्याचे बीज. दोनशे वर्षांपूर्वी एका राजाने या नरराक्षसाचे मुंडके धडावेगळे करवून मुंडके वाड्यात पेटीत ठेविले व धड देवळामागे पुरले. मरताना त्याने शाप दिला की, या घराण्यातील प्रत्येक स्त्री बाळंतपणात दगावेल. दोनशे वर्षांनी त्याच घराण्यातील मुलीचे प्रेम जमते, तेव्हा बापाच्या पोटात गोळा उठतो. हे कथानक ऐकून हसू येईल. पण शाप कोणता निवडला आहे, हे पाहा. पोलादपूरच्या डोंगरातील वाड्यांतून अडलेल्या बाईला डोलीत घालून खाली आणावे लागे, अशी स्थिती होती. त्या काळी चित्रपटगृहात बसलेल्या बायकांना सामरी खोटा आहे हे ठाऊक होते; बाळंतपणातले मरण खोटे नव्हते. कुमार रामसेंनी हे हेतुपुरस्सर लिहिले की सहज लेखणीतून उतरले, हा प्रश्न गौण आहे. घाव लागावयाचा तेथे लागला.

नटमंडळीही पाहण्यासारखी आहेत. नायक मोहनीश बहल म्हणजे नूतनचा मुलगा आणि शोभना समर्थांचा नातू. आदल्याच वर्षी ‘अर्धसत्य’मधील रामा शेट्टीने सर्वांना थक्क करून सोडणारे आपले सदाशिव अमरापूरकर हेही या चित्रपटात आहेत. सामरी झाले होते अजय अगरवाल. हे गृहस्थ रुरकीहून स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतलेले अभियंते. उंची सहा फुटांहून पुष्कळ अधिक आणि चेहरेपट्टी अशी, की रंगभूषाकाराचे अर्धे काम निसर्गाने करून ठेविले होते. पूल आणि इमारती बांधण्याचे शिकलेल्या माणसाला देशाने राक्षस म्हणून ओळखावे, ही कारकीर्दही विलक्षणच.

दुसरे स्थळ मुरूडचे. मुरूडला गेलेल्यांनी समुद्रावरच्या उंचवट्यावर जंजिऱ्याच्या नबाबांचा राजवाडा बाहेरून पाहिला असेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला, घुमटांचा, कमानींचा. जंजिरा संस्थान १९४८ साली विलीन झाले, राजवाडा खाजगी मालमत्ता म्हणून उरला. ‘पुराना मंदिर’, ‘पुरानी हवेली’ आदी चित्रपटांत रामसेंनी या परिसराचा मनसोक्त उपयोग करून घेतला. ज्या सिद्दीच्या जंजिऱ्यापुढे शिवाजी महाराजांचेही उपाय चालले नाहीत, त्याच्या वंशजांचा वाडा लॅमिंग्टन रोडच्या दुकानदाराने भाड्यावर सर केला, असे कोणी थट्टेने म्हणेल. थट्टा बाजूला ठेवली तरी एक गोष्ट खरी, की संस्थाने गेल्यावर ओस पडलेले वाडे या चित्रपटांना लागत असत. मालक गेलेला, माणसे पांगलेली, दारे मात्र तशीच. गावातल्या पोराने ज्या वाड्याच्या फाटकापाशी उभे राहण्याची छाती केली नसती, त्याच्या माजघरापर्यंत कॅमेरा त्याला घेऊन जाई. आणि तेथे काय सापडे? घराण्याचे पुरलेले पाप. रामसेंच्या अनेक चित्रपटांत भूत होण्याचे मूळ कारण कोणा राजाने किंवा ठाकुराने पूर्वी केलेले एखादे क्रौर्य असते, आणि त्याची भरपाई नातवंडे-पणतवंडे करतात.

भिवविण्याचे तंत्र थोडक्यात सांगतो. भीती आधी कानांनी शिरते. बिजागरीची करकर, वाऱ्याने आपटणारे तावदान, कुत्र्याचे रडणे, आणि मग एकदम निःशब्दता. (ज्यांच्या वडिलांनी जन्मभर आवाजाच्या पेट्या विकल्या, त्यांना हे सांगावे लागले नसेल.) त्यानंतर प्रकाश. दिवा खाली ठेवून वर मारला की ओळखीच्या चेहऱ्यावरही अनोळखी सावल्या पडतात. निळ्या-तांबड्या कागदातून तो गाळला की खोली घरची राहत नाही. मग कॅमेरा स्वतःच भूत बनून चालू लागतो, म्हणजे झुडपाआडून नायिकेला जो पाहतो आहे तो आपणच असतो. एकदा मांजर उडी मारते, प्रेक्षक किंचाळून हसतो, सैल होतो. आणि त्या सैल क्षणी खरा हात खांद्यावर पडतो. ही युक्ती जुनी आहे, पण तिची वेळ साधणे सोपे नाही. दोष सांगावयाचा तर हा, की मुखवटा हाती आला की रामसे बंधूंना तो दाखविण्याचा मोह आवरत नसे. रबरी मुखवटा क्षणभर भिववितो, अर्धा मिनिट दिसला की रबर दिसू लागते. शिवाय मध्येच विनोदाचे लांबण लावलेले असे. ‘पुराना मंदिर’मध्ये जगदीपने ‘शोले’तील गब्बरसिंगाची केलेली नक्कल कथानकाशी काडीचाही संबंध नसताना चालूच राहते. वितरकाला गाणी हवीत, विनोद हवा, मारामारी हवी. आणि वितरकाचे ऐकावे लागे, कारण स्वतंत्र निर्माता हा बँकेपासून स्वतंत्र असेल, वितरकापासून नसतो.

हे चित्रपट चालले ते कोठे? मुंबईच्या मोठ्या चित्रपटगृहांत त्यांना चांगले आठवडे क्वचितच मिळत. त्यांचा आधार तालुक्याच्या गावांचा, जत्रेतल्या तंबूंचा. जेथे रेल्वे थांबत नाही अशा गावांसाठी आम्ही चित्रपट काढतो, अशा अर्थाचे रामसे मंडळी बोलत असत. आपल्याकडे तर त्या वेळी गाडी थांबण्याचा प्रश्नच नव्हता, रूळच नव्हते. कोकण रेल्वे वीरपर्यंत आली ती १९९३ साली. म्हणजे ज्यांना कोणी प्रेक्षक म्हणून मोजत नव्हते, मोठ्या नटाचा चित्रपट ज्यांच्याकडे झिजलेल्या प्रतीच्या रूपाने कालांतराने पोहोचे, त्यांना डोळ्यांपुढे ठेवून कोणी तरी ताजा माल तयार करीत होते. त्या मालाच्या दर्जाविषयी आपण वाद घालू. पण आपली आठवण ठेवली गेली हे नाकारता येणार नाही.

आणि आता वादच घालू. दोन आरोप गंभीर आहेत. पहिला, या चित्रपटांनी स्त्रीदेहाचा बाजार मांडला. हा आरोप खरा आहे. स्नानाची दृश्ये कथेची गरज म्हणून येत नाहीत, तिकिटाची गरज म्हणून येतात. आणि ‘फक्त प्रौढांसाठी’ हा शिक्का रामसेंना अडचण न वाटता जाहिरात वाटे. दुसरा आरोप अंधश्रद्धेचा. यावर थोडे थांबणे भाग आहे.

महाडच्या श्रोत्यांपुढे भीतीविषयी बोलताना १९२७ साल टाळून पुढे जाता येत नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. लगेच आवई उठली की, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. परतीच्या वाटेवरील माणसांवर लाठ्या चालल्या. आणि नंतर पंचगव्याच्या एकशे आठ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते, ही ती भीती. तिला मुखवटा नव्हता, धुके नव्हते, तिच्यासाठी तिकीट काढावे लागत नव्हते. ती भर दुपारी, शहाण्यासुरत्यांच्या घरांत राहत होती. हिच्यापुढे सामरी म्हणजे पोरखेळ. तिकीट काढून घेतलेली भीती अडीच तासांनी दिवे लागताच संपते, आणि बाहेर येणारी माणसे हसत बाहेर येतात. म्हणूनच तर ती घेण्यास जातात.

एवढ्याने रामसे सुटत नाहीत. ‘वीराना’ (१९८८) च्या आरंभी चेटकीण पकडून गावकरी तिला फासावर चढवितात, आणि चित्रपट त्यांच्या बाजूचा असतो. पडद्यावर ती खरोखरच चेटकीण आहे. पण ज्या राज्यात चेटकीण ठरवून बायकांना मारहाण होते, ज्या राज्यात जादूटोण्याविरुद्ध २०१३ साली कायदा करावा लागला, आणि त्या कायद्यासाठी झगडणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात खून झाला, त्या राज्यात हे दृश्य निरुपद्रवी मानता येत नाही. वाड्याच्या जुन्या पापाला वाचा फोडणारे हेच चित्रपट गावच्या जुन्या पापापाशी आले की गावकऱ्यांत सामील होतात. डोंगरातील आदिवासी त्यांच्या पडद्यावर पिसे लावून नाचणारे रानटी, आणि मांत्रिक मात्र ज्ञानी. रामसेंच्या चाहत्यांनी, विशेषतः ज्यांना आता या चित्रपटांचे प्रेम मिरवावेसे वाटते अशा तरुणांनी, हा हिशेब मनाशी मांडून ठेवावा असे मला वाटते.

या धंद्याचा शेवट मात्र भुतापेक्षा यंत्राने केला. ऐंशीच्या दशकात व्हिडिओ आला आणि तालुक्याच्या गावातला प्रेक्षक घरच्या किंवा शेजारच्या खोलीत बसू लागला. ‘सामरी’ (१९८५) त्रिमिती काढून रामसेंनी त्याला परत ओढण्याचा प्रयत्न केला. १९८९ साली फतेहचंद वारले. ‘बंद दरवाजा’ (१९९०) हा त्यांच्या जुन्या घाटाचा शेवटचा नेटका चित्रपट. त्यात अजय अगरवाल पुन्हा एकदा, नेवला या नावाने, शवपेटीतून उठतात. १९९३ साली ‘झी हॉरर शो’ सुरू करून रामसेंनी स्वतःच भूत दिवाणखान्यात आणून बसविले. ही मालिका अनेक वर्षे चालली. मुले पांघरूण तोंडावर ओढून ती पाहत. पण फुकट घरी येणाऱ्या भुतासाठी तिकीट कोण काढणार? भाऊही आपापल्या वाटांनी गेले. केशू रामसे तर अक्षय कुमारचे ‘खिलाडी’ चित्रपट काढू लागले, आणि त्यांत त्यांनी भुतांपेक्षा पुष्कळ अधिक पैसे पाहिले.

उशिराने परदेशांतून मागणी आली. ‘पुराना मंदिर’, ‘बंद दरवाजा’ यांच्या स्वच्छ तबकड्या पाश्चात्त्य कंपनीने काढल्या, आणि तिकडचे दर्दी लोक सामरीवर निबंध लिहू लागले. २०१७ साली शाम्य दासगुप्ता यांनी या कुटुंबाचा इतिहास इंग्रजीत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ पडद्यावर आला. पोलादपूरहून कशेडी घाट उतरले की खेड तालुका लागतो, आणि तुंबाड हे त्या तालुक्यातलेच गाव. पेंडसे यांच्या कादंबरीने घरोघर नेलेले हे नाव आता भयपटाने जगभर नेले. पुन्हा जुना वाडा, पुन्हा घराण्याचा लोभ, पुन्हा तळघरात पुरलेली वस्तू आणि अखंड पाऊस; मात्र या वेळी परीक्षकांनी उठून मान दिला. त्यानंतर दोन महिन्यांनी, १३ डिसेंबर २०१८ रोजी, तुलसी रामसे मुंबईत वारले. श्याम गेले १८ सप्टेंबर २०१९ रोजी, कुमार २०२१ साली, आणि कॅमेऱ्यामागे उभे राहणारे गंगू एप्रिल २०२४ मध्ये.